देल्फाची रेघ

सेल्सो मागसिनोला शेजारीपाजारी चित्रकार म्हणत. तो मात्र विचारणाऱ्याला सांगायचा, "मी चित्रं सारखी करतो." चौतीस वर्षं फिलिपिन्समधल्या केसोन सिटीतल्या एका स्टुडिओत, दुसऱ्या मजल्यावर खिडकीला पाठ करून, त्यानं हेच काम केलं. परदेशातून कार्टूनची गोष्ट यायची, महत्त्वाची चित्रं यायची. या चित्रापासून त्या चित्रापर्यंत पात्रानं हात कसा उचलला, मान कशी वळवली, ती मधली शेकडो चित्रं इथली माणसं काढायची. माणसं शंभर, म्हणजे हातही शंभर. कुणी बातांगासचा, कुणी इलोइलोचा. कुणाची रेघ जाड, कुणाची घाबरट. टीव्हीवर जाईपर्यंत मात्र ते सगळं एकाच हातानं काढल्यासारखं दिसायला हवं. ते बघायला सेल्सो.

पाच कागद बोटांच्या बेचक्यांत धरून तो फडफडवायचा. तेवढ्यात त्याला कळायचं, की तिसऱ्या कागदावर नाक सुजलंय आणि चौथ्यावर कान खाली सरकलाय. प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन असत. एकात काढणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं, दुसऱ्यात सेल्सोची बरोबरची खूण. खूण झाली की चित्र पास. नाहीतर खोडरबर, आणि परत.

देल्फा तिथं आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पाएते गावची. त्या गावात लाकडी साच्यावर कागद डकवून घोडे करतात आणि रंगवतात. साचा एकच असला तरी डोळे ज्याच्या त्याच्या हातचे. देल्फाचे वडील कास्तोर घोड्याचा एक डोळा जरासा मोठा काढायचे. जत्रेत लांबूनच लोक म्हणायचे, "तो बघा कास्तोरचा घोडा. बघतोय कसा आपल्याकडे!" लेकीच्या हातातही तेच उतरलं होतं.

पहिल्याच आठवड्यात सेल्सोनं तिचा एक कागद चार वेळा परत पाठवला. पाचव्या वेळी तो स्वतः उठून तिच्या टेबलापाशी गेला.

"मिस, या मुलाचा उजवा डोळा मोठा का?"

"त्याला काहीतरी दिसलंय, सर."

"नमुन्याचं मॉडेल शीट समोर लावलंय ना? त्यात त्याला काही दिसत नाही."

"मग बिचाऱ्याला चष्मा तरी द्या."

मजलाभर हशा पिकला. सेल्सोचे कान लाल झाले. ते आधीच मोठे होते, त्यामुळे लाल झालेले सगळ्यांना दिसले.

पुढं दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. शेजारच्या टेबलावरचा नेस्तोर त्याला कुया, म्हणजे दादा म्हणायचा. तो जेवणाच्या पंगतीत उठून उभा राहिला आणि ओरडला, "मंडळी, कुया सेल्सोनं एक कागद शेवटी पास केला! कुया, कोपऱ्यात खूण कर बाबा, नाहीतर उद्या परत पाठवशील." देल्फा इतकी हसली, की तिच्या डोक्यावरची फुलं भाताच्या ताटात पडली.

नंतर तिचा हात बसला. इतका बसला, की तिचे कागद न तपासता पुढं पाठवले तरी चाललं असतं. एकदा घरी पेज ढवळता ढवळता सेल्सो कौतुकानं म्हणाला, "तुझं चित्र आता अजिबात ओळखू येत नाही."

"हो का?" देल्फा म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करत राहिली.

त्या काळी निदान कार्टूनं तरी एकमेकांपासून वेगळी असत. एकातली माणसं शेवयांसारखी लवचिक, दुसऱ्यातल्यांच्या हनुवट्या कुऱ्हाडीसारख्या, तिसऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या गालावर सतराशे साठ सुरकुत्या. नवी मालिका आली की महिनाभर सगळ्यांची बोटं दुखायची. पुढं पुढं ते कमी होत गेलं. शेवटच्या दहाएक वर्षांत तर आलेलं मॉडेल शीट भिंतीवर टाचलं, की नेस्तोर लांबूनच म्हणायचा, "आलं का पांदेसाल?" डोकं त्या न्याहारीच्या पावासारखं गोल, डोळे म्हणजे दोन ठिपके, तोंड घेवड्याच्या दाण्यासारखं. मुलगी असो, अस्वल असो की आजोबा, चेहरा तोच. "केस बदला, नवी मालिका तयार," असं म्हणत नेस्तोर कॉफी आणायला जायचा.

सेल्सोला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. गोल चेहरा कुणालाही काढता येतो, कॉम्प्युटरवर कळसूत्री बाहुलीसारखा वळवता येतो. चुका कमी झाल्या, परत पाठवणं कमी झालं. हात आपोआप चालायचा. कागद कायमचा बंद झाला त्या वर्षी तो निवृत्त झाला. जाताना खालून उजेड देणारं आपलं काचेचं टेबल त्यानं मागून घेतलं आणि घरी खिडकीपाशी मांडलं. देल्फाही त्याच महिन्यात घरी बसली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये देल्फाला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर सेल्सो दोन दिवस बसून होता. समोर भिंतीवर टीव्ही लावलेला. त्यात एक गोल डोक्याची मुलगी कुठल्याशा बेटावर हरवलेला कुत्रा शोधत होती. सेल्सो बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर शेजारच्या बाईच्या मांडीवरल्या छोट्या मुलीला त्यानं विचारलं, "मिळाला का गं कुत्रा तिला?"

"आजोबा, तो कार्टून केव्हाच संपला. हा दुसराय. हिच्याकडे कुत्राच नाही."

बाई ओशाळून म्हणाली, "असं बोलू नये मोठ्यांशी."

"नाही, बरोबर आहे तिचं," सेल्सो म्हणाला. चौतीस वर्षं रेघा तपासल्या होत्या त्यानं, आणि एक मालिका संपून दुसरी सुरू झालेली त्याला कळली नव्हती.  पण तेवढ्यात आतून देल्फाच्या नावानं हाक आली आणि ते मागं पडलं.

ती घरी आली. बोलायची म्हणजे एखादा तुटका शब्द. मुलगी रोवेना दुबईत दातांच्या दवाखान्यात कामाला, पोटुशी, पाचवा महिना चालू. रोज सकाळी फोनवर तिचा चेहरा दिसायचा. एक दिवस ती डोळे पुसत आईला म्हणाली, "नानाय, या पोराला इथं आपली माणसं दिसणारच नाहीत गं. ना तुझं पाएते, ना आपली गल्ली. मी तोंडानं किती सांगणार?"

फोन बंद झाल्यावर देल्फानं डाव्या हातानं हवेत एक चौकोन काढला. सेल्सोनं उशी दिली. तिनं मान हलवली. मग पाणी, मग चादर. शेवटी तिनं दोन बोटांनी पेन्सिल धरल्यासारखं केलं, तेव्हा त्याला उमगलं. स्टुडिओतला उरलेला जाड कागद त्यानं तिच्या मांडीवर ठेवला.

डाव्या हातातून पेन्सिल निसटायची, म्हणून ती फार दाबून काढायची. एका माणसाला चार-चार दिवस लागत. पहिलं चित्र वडलांचं, मांडीवर घोडा घेतलेल्या कास्तोरचं. मग मासेवाली बेबांग. मग चर्चपुढं मेणबत्त्या विकणारी आंधळी इन्सियांग. नातवंडासाठी ती आपली माणसं मांडत होती, हे सेल्सोच्या लक्षात आलं होतं. रोवेनाला त्यानं सांगूनही टाकलं, की पुस्तक शिवून ठेवतो, बाळाला घेऊन आलीस की देतो.

दुपारी देल्फा झोपायची. कास्तोरचं चित्र पुरं झालं त्या दुपारी सेल्सो ते घेऊन काचेच्या टेबलाशी बसला. रेघ खूपच थरथरली होती. एका गालाची तेवढी सरळ करू, असं त्यानं मनाशी म्हटलं. बाळाच्या पुस्तकात बरी दिसायला हवी. गाल सरळ झाला, तर कान वाकडा दिसायला लागला. कान बसवला. मग डोळे. एक मोठा होता, तो खोडून दोन्ही सारखे केले. कास्तोर तिचे सर्वांत लाडके, म्हणून त्या चित्रावर त्यानं तीनतीनदा हात फिरवला. कागदाला इजा न करता हलकी, एकसारखी रेघ काढण्यात सगळ्या मजल्यावर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी चित्र कसं स्वच्छ झालं.

देल्फा उठली. कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"बरं झालं ना?" त्यानं विचारलं.

तिची जीभ हलली. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच एक शब्द पुरा आणि स्पष्ट आला. "पास?"

सेल्सोला कोण आनंद झाला! "पास, पास!" म्हणत त्यानं कोपऱ्यातल्या दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि लगेच दुबईला फोन लावला. "रोवेना, आज नानाय बोलली! अख्खा शब्द बोलली!"

त्यानंतर प्रत्येक चित्र तसंच झालं. सकाळी ती काढायची, दुपारी तो साफ करायचा. दहा माणसं झाली. अकरावं चित्र काढायला तिनं आठवडा घेतला. पुरं झाल्यावर तिनं ते त्याच्यापुढं धरलं. पाठीत वाकलेला कुणी माणूस होता.

"हा कोण गं? पाएतेचा सुतार का?"

देल्फानं डावा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला.

"पाणी हवंय? आणतो, आणतो." तो लगबगीनं उठला. पेला घेऊन आला तेव्हा तिनं डोळे मिटले होते. त्या दुपारी त्यानं सुताराची पाठ सरळ केली, कान लहान केले, तोंड दाण्यासारखं नीट बसवलं.

बाराव्या माणसासाठी तिनं कागद मागितला नाही. सेल्सो रोज पेन्सिलींना टोक करून ठेवायचा. ती खिडकीकडे तोंड करून पडायची. थकली असेल, असं त्याला वाटलं. नोव्हेंबरात बाळ झालं, मुलगी. फोनवर तिला बघताना देल्फाच्या डोळ्यांतून पाणी आलं. फेब्रुवारीत एका सकाळी पेजेचा पहिला चमचा तोंडात घेण्याआधीच ती गेली. रोवेनाला तेव्हा रजा मिळाली नाही. ती आली चाळिसाव्या दिवशी, कडेवर साडेचार महिन्यांची मुलगी घेऊन.

सकाळी प्रार्थना झाली. देल्फाचं ताट तिच्या फोटोपुढं मांडलं, त्यात पान्सितच्या शेवया आणि तिच्या आवडीचा खारा मासा. गल्लीतली माणसं अंगणात जेवायला बसली. नेस्तोरही आला होता. जेवणं चालू असतानाच सेल्सोनं आतून पुस्तक आणलं. दोऱ्यानं शिवलेलं, वर जाड पुठ्ठा. ते त्यानं रोवेनाच्या हातात दिलं.

तिनं बाळाला मांडीवर घेऊन पान उलटलं. "हे कोण?"

"तुझे आजोबा, कास्तोर."

"आणि या?"

"बेबांग मासेवाली. ओळखली नाहीस?"

"आणि ही मुलगी?"

"मुलगी कुठली? ती इन्सियांग. ऐंशी वर्षांची म्हातारी."

रोवेना आणखी दोन पानं उलटून थांबली. "ताताय, ही सगळी भावंडं आहेत का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

नेस्तोर ताट घेऊन मागून डोकावला. "अरे वा, कुया! हात जसाच्या तसा आहे तुझा. कुठल्या मालिकेतलं हे?"

 नेस्तोरनं एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघितलं, आणि "मी जरा भात घेऊन येतो" म्हणत निघून गेला.

"फोनवर तुम्ही म्हणाला होता, नानायनं काढलंय," रोवेना म्हणाली.

"तिनंच काढलंय. मी फक्त... थोडं साफ केलं. रेघ फार हलत होती गं तिची."

"ही तुमची रेघ आहे, ताताय. शाळेत माझ्या चित्रकलेच्या वहीत हीच असायची. मी काढलेलं मांजर सकाळी उठून बघितलं, की दुसरंच मांजर असायचं तिथं." तिनं आवाज चढवला नाही. "नानायनं काढलेलं एक तरी राहिलंय का? एखादं? वाकडंतिकडं असलं तरी चालेल."

 अकराच्या अकरा पास झाली होती.

पाहुणे पांगले. दुपारी बाळ झोपलं. सेल्सो पुस्तक घेऊन काचेच्या टेबलाशी बसला. त्यानं दोरा सोडवला आणि कागद एकेक करून बघू लागला. गोल डोकं, दोन ठिपके, दाणा. गोल डोकं, दोन ठिपके, दाणा. इस्पितळातल्या त्या मुलीचे शब्द त्याला आठवले. "तो केव्हाच संपला. हा दुसराय."  त्यानं कागद बाजूला सारला, तेव्हा खिडकीचा उजेड आडवा पडला, आणि कागदावर काहीतरी चमकलं.

खाचा होत्या. रबरानं शिसं जातं, खाच जात नाही. देल्फा दाबून काढायची. त्याची स्वतःची रेघ इतकी हलकी, की कागदावर तिचा चराही उमटला नव्हता.

"रोवेना!" त्यानं हाक मारली. "जरा इकडे ये."

त्यानं खोडरबर घेतला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या रेघा खोडल्या होत्या. आज पहिल्यांदा आपली खोडायला बसला. हळू, फुंकर घालत. कागद कोरा झाला. मग पेन्सिलीचं मऊ शिसं आडवं धरून त्यानं पिसासारखा हात फिरवला. करड्या रंगातून पांढऱ्या रेघा वर यायला लागल्या. आधी एक टोपली. मग गळ्याची घडी. मग हसणारं तोंड, पुढचे दोन दात नसलेलं.

"बेबांग!" रोवेनानं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, दात बघा! ताताय, हा डोळा... हा मोठा काढलाय."

"तिला काहीतरी दिसलं असेल," सेल्सो म्हणाला. 

सगळी चित्रं वर आली नाहीत. चार नीट आली. तीन चित्रांत नुसते तुकडे, कुणाचा हात, कुणाची टोपी. इन्सियांगच्या तर फक्त मेणबत्त्या राहिल्या. दोन कागदांवर खरवडल्यासारखे डाग होते. आणि कास्तोर आलेच नाहीत. त्यानं पुन्हा शिसं फिरवलं, उजेडाशी कागद तिरपा धरला, खालून दिवा लावला. तीनतीनदा प्रेमानं घासलेल्या त्या कागदावर बोट फिरवलं तर तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत लागला.

शेवटी सुतार उरला. सेल्सोनं त्याच्यावरची आपली रेघ खोडली आणि शिसं फिरवलं. वाकलेली पाठ आली. नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा आला. दोन्ही बाजूंना सुपासारखे कान आले. मुठीत काहीतरी छोटं चौकोनी होतं, खोडरबरासारखं. सेल्सो हातच्या कामाकडे बघावं तसं बघत होता, डोळे किती मोठे, रेघ कुठं तुटली. रोवेनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

"ताताय, हे तुम्ही आहात."

त्यानं कागद जवळ ओढला. छातीवर ठेवलेला तो डावा हात त्याला आठवला, आणि आपण आणलेला पाण्याचा पेला. सुतार म्हणून त्यानं स्वतःलाच सरळ केलं होतं, आणि ओळखलंही नव्हतं.

चित्रातल्या त्या म्हाताऱ्याचा उजवा डोळा किंचित मोठा होता.

बाळ जागं झालं. रोवेना त्याला घेऊन आली आणि टेबलाशी बसली. कास्तोरच्या रिकाम्या कागदाकडे बघून ती म्हणाली, "आजोबांचं तुम्ही काढा ना. तुम्ही तर त्यांना पाहिलंय. तिला दाखवायला हवं ना काहीतरी."

सेल्सोनं पेन्सिल उचलली. कास्तोरचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं स्वच्छ उभा होता, रंगानं माखलेली बोटं, मांडीवरचा घोडा. पेन्सिल कागदाला टेकली आणि हात आपोआप गोल फिरायला निघाला. त्यानं तो मध्येच थांबवला. आपल्या हातून काय उमटणार, हे त्याला ठाऊक होतं.

"नको," तो म्हणाला. "तोंडानं सांगेन मी तिला."

कागदांची चळत त्यानं पुन्हा जुळवली. करडा, रिकामा कागद सगळ्यात वर, कास्तोरच्या जागी. मग खालच्या कोपऱ्यांतल्या आपल्या खुणा त्यानं एकेक करून पुसल्या, अकराही. पहिल्या चौकोनात देल्फाच्या नावाची दोन अक्षरं होती, डाव्या हाताची, वेडीवाकडी. दुसरा चौकोन त्यानं तसाच मोकळा ठेवला, आणि पुस्तक शिवायला सुईत दोरा ओवायला घेतला. सुईचं भोक त्याला दिसेना. रोवेनानं त्याच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.